तिसऱ्या फेरीची कॉफी

९ जून १९९१, रविवार. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा पडलेला, पाऊस नाही.

मी जेबेना बोलतेय. जेबेना म्हणजे कॉफी उकळायची मातीची सुरई. खाली गोल पोट, वर उंच निमुळती मान, बाजूला एक कान. अस्मारा शहरात, अबा शाउल वस्तीच्या चढावर, अमलेसेतच्या पत्र्याच्या घरात मी राहते. आज दुपारी तिच्याकडे एक पाहुणी येऊन गेली. सांगायचंय ते त्या पाहुणीबद्दलच, पण जरा मागून यावं लागेल.

आमच्याकडे कॉफी एकदा पीत नाहीत, तीनदा पितात. दाणे पाहुण्यांसमोर भाजायचे, भाजल्याचा धूर एकेकाच्या नाकापाशी न्यायचा, मग ते कुटून माझ्या पोटात घालायचे आणि मला निखाऱ्यावर ठेवायचं. पहिली फेरी दाट. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घातलं की दुसरी. आणखी पाणी घातलं की तिसरी. तिसरी अगदी पांचट असते, पण तिला म्हणतात बेरेका, म्हणजे आशीर्वाद. पहिल्या फेरीला पाहुणा परका असतो, तिसरी घेऊन उठतो तो घरचा होऊन. तिसरीच्या आधी कुणी उठलं तर जुन्या बाया म्हणतात, आशीर्वाद उंबऱ्यावर सांडून गेला.

या घरात सोळा वर्षं तिसरी फेरी झाली नव्हती.

माझा जन्म मेंदेफेराच्या बाजूच्या एका खेड्यात झाला. कुंभारीण म्हातारी होती, एका डोळ्याने अधू. ओढ्याकाठची माती जिभेवर ठेवून ती पारखायची. फुटलेल्या जेबेनांची खापरं बारीक कुटून ती नव्या मातीत मिसळायची आणि म्हणायची, "जुनी हाडं घातल्याशिवाय नवं अंग आग सोसत नाही." त्यामुळे माझ्या अंगात इटालियन लोक इथे राज्य करायचे त्या काळची मातीही आहे. शेणागवताच्या आव्यात मी भाजले आणि काळी कुळकुळीत होऊन बाहेर आले.

अमलेसेतच्या आईने मला घेतलं आणि लेकीच्या लग्नात दिलं. मोटारीतून अस्माऱ्याला येताना अमलेसेतने मला मांडीवर धरलं होतं. शेजारी बसलेल्या नव्या नवऱ्याशी ती सबंध वाटेत एक शब्द बोलली नाही. माझ्याशी मात्र प्रत्येक खड्ड्याला बोलली, "सांभाळ गं बाई, सांभाळ."

नवऱ्याचं नाव वोल्दू. तो अमेरिकन तळावर स्वयंपाकी होता. शहराच्या कडेला त्यांच्या उंच तारा उभ्या होत्या. त्या तारांनी ते आभाळातली बोलणी ऐकतात, असं म्हणायचे. वोल्दू घरी आला की टोपी काढता काढता सांगायचा, "हे लोक मॉस्कोतली कुजबुज ऐकतात. पण कुंपणापलीकडे आपली बकरी ओरडली तर यांना ऐकू येत नाही."

तेव्हा आमचा देश इथिओपियाच्या सम्राटाने आपल्या राज्याला जोडून घेतला होता. पश्चिमेच्या रानात आमची पोरं बंदुका घेऊन उभी राहिली होती, आमचा देश आम्हाला वेगळा हवा म्हणत. सम्राटाच्या सैनिकांच्या बंदुका अमेरिकन होत्या. ते सैनिक रस्त्यावरून जात तेव्हा वोल्दू खाली मान घालून घरात येई. पगार त्याला त्याच अमेरिकनांकडून मिळत होता.

एकदा त्याचा वरचा सार्जंट आमच्याकडे आला. मोठा हसरा माणूस. पहिला कप घेतला, मनगटावर पाहिलं, मेब्रातच्या हातात गोळ्यांची पुडी दिली आणि गेला. मेब्रात म्हणजे या दोघांची एकुलती एक मुलगी. तेव्हा दारात खेळायच्या वयाची.

"दुसरीलासुद्धा थांबला नाही," अमलेसेत म्हणाली.

"त्यांच्याकडे एकच फेरी असते," वोल्दू म्हणाला. "आणि तीही उभ्याने."

मेब्रात मोठी झाली. दवाखान्यात परिचारिकेचं काम शिकायला लागली. सम्राट गेला आणि त्याच्या जागी लष्करातले अधिकारी बसले. लोकांना वाटलं, आता काही बदलेल. १९७५ च्या सुरुवातीला शहराच्या वेशीवर लढाई आली. रात्री घरांतून मुलं उचलली जायची आणि सकाळी ती गल्लीत पडलेली सापडायची, गळ्याभोवती तारेचा वळ. आयांनी पोरांना दाराबाहेर सोडणं बंद केलं. पोरं मग दाराने न जाता रानात जाऊ लागली. "रानात गेला" म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मेब्रात गेली ती फेब्रुवारीतल्या एका दुपारी. कोरडं ऊन होतं. दुसरी फेरी चालू होती, तिच्या हातात कप होता. बाहेरून कुणीतरी मांजरासारखं ओरडलं. तिने कप खाली ठेवला, ओढणी घट्ट केली आणि उभी राहिली.

"अदेय," ती म्हणाली. अदेय म्हणजे माझी आई. "माझा तिसरा ठेव. येते मी."

अमलेसेतने तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. रडली असती तर शेजारी जमले असते. ती एवढंच म्हणाली, "ठेवते."

त्या दिवशी तिने माझ्यात तिसऱ्यांदा पाणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे कुणी आलं तरी दोन फेऱ्या झाल्या की ती चोथा काढून लिंबाच्या झाडाखाली टाकायची. ती शपथ वगैरे काही बोलली नाही. पण माझ्या मानेवरच्या तिच्या पकडीतून मला कळायचं. मेब्रातचा तिसरा कप तिच्यासाठी राखून ठेवलेला आहे. तो दुसऱ्या कुणी प्यायला तर पोरीला परत यायचं कारण उरणार नाही, अशी तिची धारणा झाली होती.

शेजारीपाजारी तिने सांगितलं की मेब्रात जेद्दाला एका अरबाच्या घरी कामाला गेली आहे. तेव्हा पुष्कळ मुली जायच्या.

शेजारीण निगिस्ती जिभेची तिखट. "अगं अमलेसेत, तुझ्याकडे कॉफी प्यायची म्हणजे लग्नाला जाऊन जेवणाआधी घरी पाठवल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. "साखर वाचवतेस की आशीर्वाद?"

"दोन्ही," अमलेसेत म्हणायची.

निगिस्तीने ओळखलं होतं. तिचा भाऊही रानात होता. पण थट्टा केल्याशिवाय तिला घोट गिळवत नसे.

दोन वर्षांनी अमेरिकन गेले. लष्करी राजवटीचं आणि त्यांचं फाटलं, तळ बंद झाला, उंच तारा उतरल्या. त्यातला तांब्याच्या तारेचा एक तुकडा वोल्दू खिशात घालून घरी आला. मग त्याच विमानतळावर रशियन उतरले. हेच रशियन कालपर्यंत शेजारच्या सोमालियाला शस्त्रं देत होते. आता त्यांनी बाजू बदलली होती. नवल असं की रानातली आमची पोरं रशियनांच्याच पुढाऱ्यांची पुस्तकं वाचून क्रांतीच्या गोष्टी करायची. त्यांच्यावर आता त्याच रशियाची विमानं जाऊ लागली.

वोल्दू काही महिने घरी बसला आणि एक दिवस रशियन अधिकाऱ्यांच्या खानावळीत लागला.

"त्यांना काय घालतोस?" निगिस्तीने विचारलं.

"बिटाचं सार. अमेरिकनांना दोन्हीकडून भाजलेली अंडी लागायची."

"आणि बंदुकांचं?"

"बंदुकीवरची अक्षरं बदलली," तो म्हणाला. "नेम तोच आहे."

एका झडतीत सैनिकाचा बूट लागून माझा कान तुटला. सैनिक कोवळं पोर होता, इथिओपियाच्या दूरच्या खेड्यातला. घाबरून "माफ करा, आई" म्हणाला आणि दाराशी उभं राहून पाणी मागून प्यायला. वोल्दूने खिशातल्या त्या तांब्याच्या तारेने माझा कान बांधून दिला. पुढे आमची शेगडी गंजली तेव्हा रशियन दारूगोळ्याच्या पेटीचा पत्रा वाकवून त्याने नवी केली. अशी मी एका देशाच्या तारेने बांधलेली, दुसऱ्या देशाच्या पत्र्यावर बसलेली. पण माझ्यातली कॉफी आमचीच होती.

१९८२ साली उत्तरेच्या डोंगरांवर मोठी चढाई सुरू झाली. सकाळी सकाळी विमानं आमच्या पत्र्यावरून जायची. मी चुंबळीवर बसलेली असायची आणि माझं पोट थरथरायचं. अमलेसेत हातातलं काम थांबवून आवाज पुरता विरेपर्यंत उभी राहायची, मग पुन्हा कामाला लागायची. मेब्रात कुठल्या डोंगरात आहे हे तिला माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक विमान तिच्याकडेच जायचं.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या समितीवर एम्बाये नावाचा अध्यक्ष आला. काही महिने ओडेसात शिकून आलेला, थोडी रशियन बोलणारा. रेशनची कार्डं त्याच्या हातात होती. ज्या घरचं मूल रानात आहे असं ठरायचं, त्या घरचं रेशन बंद व्हायचं, नोकरी जायची आणि बाप तुरुंगात जायचा. एम्बाये याच गावात वाढलेला. त्याला कागद लागत नव्हते. घरात कॉफी कशी ओतली जाते यावरून त्याला कळायचं.

एक दिवस तो दारात उभा राहिला. "अदेय अमलेसेत, ऐकलं ते खरं का? तुमच्याकडे म्हणे दोनच फेऱ्या?"

"माझ्या पोटाला तिसरी सोसत नाही."

"पोटाला की मनाला? मुलगी जेद्दाला कमावतेय म्हणता. त्या घरात तर तिसरीसुद्धा दाट हवी!" तो हसला. "रविवारी येतो. एकटा नाही, वोल्दूच्या मेजरसाहेबांना घेऊन येतो. त्यांना आपली रीत बघायची आहे. पूर्ण रीत."

तो गेल्यावर वोल्दू म्हणाला, "ओत. पांचट पाणी आहे ते. त्याने काय होतंय?"

"पांचट आहे तर मग तुला एवढी भीती कशाची?" अमलेसेत म्हणाली.

"मी तुरुंगात गेलो तर?"

"आणि ती आली नाही तर?"

वोल्दू बाहेर जाऊन उगाच लिंबाला पाणी घालत बसला.

रविवार आला. अमलेसेतने जमिनीवर हिरवं गवत पसरलं, धूप घातला, हिंबाशा, म्हणजे आमची गोडसर जाड भाकरी, भाजून ठेवली. मेजर ग्लुश्कोव उंच होता, दारात त्याला वाकावं लागलं. भाजल्या दाण्यांचा धूर त्याच्या नाकाशी नेला तेव्हा तो खोकला आणि ओशाळला. निगिस्ती कोपऱ्यात बसली होती. बोलावलं नव्हतं, पण ती आली होती.

पहिली फेरी झाली. मेजरने एका घोटात कप संपवला आणि काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतात, क्रांतीसारखी कडक आहे," एम्बायेने सांगितलं.

"एवढा लहान शब्द म्हणाला, आणि त्यात क्रांती कुठून आली?" निगिस्ती पुटपुटली.

दुसऱ्या फेरीला मेजरने भिंतीवरचा मेब्रातचा फोटो पाहिला आणि वोल्दूला खुणेने विचारलं. वोल्दूने होकाराची मान डोलावली. मेजरने छातीच्या खिशातून आपला एक फोटो काढला. जाड वेण्यांची मुलगी. बोलताना तो फोटोकडेच पाहत होता.

"त्यांची मुलगी," एम्बाये म्हणाला. "मिन्स्कला असते. पत्र लिहीत नाही म्हणतात." मग तो अमलेसेतकडे वळला. "तुमची लिहिते का हो जेद्दाहून?"

"तिला लिहायला वेळ मिळत नाही."

"बरं, बरं. आता बेरेका होऊ दे. साहेबांना दिसू दे आपल्याकडे कसा आशीर्वाद देतात ते."

अमलेसेतने माझ्यात तिसऱ्यांदा पाणी घातलं. इतक्या वर्षांनी. शेगडीवर मी बसले आणि माझ्या पोटात पाणी हळूहळू तापू लागलं. मी उकळायला वेळ घ्यावा असं मला फार वाटलं. पण निखारा आपलं काम करतो. फेस मानेपर्यंत चढला. तिने मला उचललं, चुंबळीवर ठेवलं, चोथा खाली बसू दिला. मग कप ओळीने मांडले आणि साखरेचा डबा उघडला. डब्याच्या तळाला चमचा खरखरला.

तो आवाज मेजरने ऐकला. त्याने डब्यात डोकावून पाहिलं. शहरात साखर मिळत नव्हती हे खानावळीत बसूनही त्याला माहीत असावं. त्याने दोन्ही हात वर केले, मान हलवली आणि उभा राहिला. आपल्यामुळे गरिबाची साखर संपू नये, एवढाच त्याचा विचार. अमलेसेतपुढे तो वाकला, तिचा हात हातात घेतला आणि दाराकडे निघाला.

एम्बायेचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मेजर उठल्यावर बसून राहणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मेजरच्या पाठीकडे, आणि टोपी उचलून तोही मागोमाग गेला.

दार लागल्यावर निगिस्ती पदरात तोंड खुपसून हसली. "विंचू चावल्यासारखा उठला मेला! आयुष्यात पहिल्यांदा बेरेका सोडून पळाला असेल."

अमलेसेत हसली नाही. तिने मला उचलून ती तिसरी कॉफी लिंबाखाली रिकामी केली.

"झाली का गं ती?" तिने विचारलं. "पाणी तर घातलं होतं."

"कपात ओतली नाहीस, तोवर झाली नाही," निगिस्ती ठामपणे म्हणाली. "देवाशपथ."

वोल्दू भिंतीला टेकून बसला होता. "मेजर माणूस वाईट नाही," तो म्हणाला.

"नाही," अमलेसेत म्हणाली. "याच्याच लोकांची विमानं रोज तिच्यावर जातात, आणि आज यानेच तिचा कप राखला. हे मी कुठे ठेवू, ते सांग मला."

"विमान उडवणारा वेगळा, हा वेगळा."

"खाली खंदकात असते तिला वेगळं दिसतं का रे?"

पुढे एम्बाये आला नाही. ज्या घरी रशियन मेजर कॉफी पितो, त्या घराकडे बोट दाखवायची त्याची छाती झाली नाही. वर्षभरात त्याची बदली झाली. मेजरही परत गेला.

लढाई मात्र चालूच राहिली. मी माणसांचं बोलणं ऐकत निखाऱ्यावर बसणारी, मला जेवढं समजलं तेवढं सांगते. मोठे देश आमच्याकडे कॉफीला आल्यासारखे आले. एक पहिली फेरी घेऊन गेला, दुसरा दुसरीला उठला. दोघंही म्हणाले, आम्ही मित्र आहोत. जाताना दोघांनी आपापलं सामान मागे ठेवलं, आणि ते सामान फुटत राहिलं. त्यांच्यातला कुणी दुष्ट होता असं मला म्हणवत नाही. आमच्या घरात ते बसलेच नाहीत, एवढंच.

शेवटची दीड वर्षं शहराला वेढा होता. कॉफीचे दाणे संपले तेव्हा अमलेसेत माझ्यात भाजलेले हरभरे आणि जव उकळायची. त्याच्याही दोनच फेऱ्या. रशियन विमानात बसून निघून गेले आणि वोल्दू पुन्हा घरी बसला.

या वर्षी २४ मे, शुक्रवार. स्वच्छ ऊन होतं. सरकारी फौज पहाटेच पश्चिमेच्या रस्त्याने निघून गेली होती, पाय ओढत, कित्येक अनवाणी. त्यांच्याही आया कुठेतरी असतील. मग दक्षिणेकडून आमची पोरं आली. बायकांनी रस्त्यावर मक्याच्या लाह्या उधळल्या. अमलेसेत सबंध दिवस वळणावर उभी होती. जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या तोंडाकडे ती पाहायची, आणि मुलगीही तिच्याकडे पाहून हसायची आणि पुढे जायची. रेडिओवर सांगत होते की लंडनमध्ये वाटाघाटी आहेत आणि मध्यस्थ अमेरिका आहे. "पहिली पिऊन गेलेला पाहुणा पुन्हा दारात," वोल्दू म्हणाला. निगिस्तीचा भाऊ चौथ्या दिवशी आला. तिने आमच्याकडे येऊन ते सांगितलं नाही. दारातून पाहिलं आणि परत गेली.

रानातून आलेले लोक कोण गेलं ते सांगत नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणतात, "येईल, मागून येईल." त्यांना तसं बजावलेलंच आहे.

जाता जाता माझं एक मागणं ऐका. मी आता जुनी झाले आहे, कान तारेवर आहे, मानेला केसासारखी चीर गेली आहे. किती दिवस आग सोसेन कुणास ठाऊक. कुणाच्या घरात पाऊल टाकलंत तर तिसऱ्या फेरीपर्यंत बसा. तेवढा वेळ नसेल तर त्या घरात जाऊ नका.

आज दुपारची पाहुणी रिशान. केस बारीक कापलेले, पायांत प्लॅस्टिकच्या चपला, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. दारात म्हणाली, "मी मेब्रातबरोबर होते." अमलेसेतने तिला आत घेतलं आणि काही विचारलं नाही. दाणे भाजले. वोल्दू आला, निगिस्ती आली. पहिली फेरी झाली. रिशानने मेब्रातच्या गोष्टी सांगितल्या. ती डोंगराच्या पोटातल्या दवाखान्यात काम करायची. घोरायची म्हणून सगळ्या तिला चिडवायच्या. दुसरी फेरी झाली. रिशान म्हणाली, "आम्हाला कधीमधी कॉफी मिळायची. ती दोनच कप घ्यायची. म्हणायची, माझा तिसरा आईकडे ठेवलाय."

वोल्दू जमिनीकडे पाहत होता.

अमलेसेतने माझ्यात तिसऱ्यांदा पाणी घातलं. मला शेगडीवर ठेवलं, उतरवलं, चोथा बसू दिला. मग तिने मला हातात धरलं, मान कपांकडे झुकवली आणि थांबवली.

"मुली," ती म्हणाली, "तुला आमच्या घरची रीत माहीत आहे. आता सांग, ओतू की थांबू?"

रिशानने आपला कप दोन्ही हातांनी पुढे केला.

मेब्रात वोल्दू, परिचारिका. उत्तरेच्या डोंगरात, ऑक्टोबर १९८५, विमानातून पडलेल्या बॉम्बने.

तिसऱ्या फेरीचे चार कप भरले. चारही रिकामे परत आले.